खालचा पाना कुणी धरायचा?

मी एक पाना बोलतोय. सायकलवाल्याकडं असतो तसला चपटा पाना नव्हे. हातपंपाचे पाईप खोलणारा, दीड फूट लांब, दातेरी जबड्याचा पाईप पाना. माझा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटेल. मी सध्या जमिनीखाली पावणेदोनशे फुटांवर, एका आटलेल्या बोअरच्या तळाशी डोकं खाली करून उभा आहे. वर शेळ्या बांधतात. त्यांच्या खुरांचा आवाज खाली येतो, बाकी सोबत काही नाही.

गावाचं नाव सांगत नाही. शिरूर अनंतपाळहून घरणी नदीच्या काठाकाठानं निघालात की दोन-तीन कोसांत लागतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि त्यांना मी वाईट म्हणत नाही. वाईट असती तर मला एवढं लागलं नसतं.

माझा जन्म जालंधरचा. लालभडक लोखंड साच्यात पडलं, वरून घण आदळला, जबड्याला दात पाडले, की झाला पाना. पण एक गोष्ट इथंच नीट ऐकून ठेवा, पुढं सगळं तिच्यावर आहे. आम्ही पाईप पाने जोडीनं लागतो. बोअरमध्ये दहा-दहा फुटी पाईप एकाखाली एक आट्यांनी जोडून सोडलेले असतात. ते खोलताना एक पाना खालचा पाईप घट्ट धरतो आणि दुसरा वरचा पाईप फिरवतो. खालचा कुणी धरला नाही तर सगळी माळ जागच्या जागी गरागरा फिरते. आणि त्यातूनही आटा सुटलाच, तर खालचे सगळे पाईप सर्रकन बोअरमध्ये जातात. मी फिरवणारा. माझा जोडीदार धरणारा.

आम्हा दोघांना उस्मानाबादच्या जिल्हा परिषदेनं घेतलं आणि दांड्यावर पांढऱ्या रंगानं तसं लिहिलं. पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि सामानाची वाटणी निघाली. भाऊ वेगळे झाले की भांडी वाटतात, तशी खुर्च्या, कपाटं, जीपगाड्या वाटल्या गेल्या. एका कारकुनानं तर आमच्यातला एक उस्मानाबादला आणि एक लातूरला, असा न्याय लावला होता. मन्मथ मेकॅनिक तिथं होता म्हणून वाचलो. "साहेब, एका पायावर चालता येतंय का माणसाला?" म्हणून तो भांडला आणि आम्हाला जोडीनं लातूरला घेऊन आला.

मन्मथ भला माणूस होता, पण त्याच्या वाटेला शंभरावर हातपंप. एक पंप बिघडला की त्याचा पाय त्या गावाला लागेपर्यंत पंधरवडा जायचा. एरवी ते चालून गेलं असतं. पण नव्या जिल्ह्याची पाटी रंगते न रंगते तोच पावसानं दडी मारली. एक वर्ष, दुसरं वर्ष. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. मी ज्या गावाचं सांगतोय तिथं चौदाशे माणसं आणि एक हातपंप एवढंच उरलं.

तेव्हा लातूरच्या एका साहेबांच्या मनात आलं की पाणी बायका भरतात, पंप बिघडला तर पायपीट बायका करतात, मग दुरुस्तीही त्यांनाच शिकवावी. प्रत्येक गावातून दोन बायका मागवल्या. दहा दिवसांचं शिबिर. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं नव्हतं. बांगड्यांच्या हातात आपण काय काम करणार, असंच मला वाटलं होतं.

आमच्या गावातून आल्या तारामती आणि रुद्राणी. तारामती ही पोलीस पाटील किशनरावांची थोरली सून. साहेबांचा शब्द मोडवेना म्हणून पाटलांनी तिला धाडली होती. रुद्राणी ही किराणा दुकानदार बसवंतची बायको, उदगीरची लिंगायताची लेक. शाळेत गणितात पहिली यायची. तिच्याहून कमी मार्क पडलेला भाऊ नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला आणि हिला दहावीनंतर अक्षता पडल्या. त्याची पुस्तकं ती माहेरी गेली की वाचायची, हे तिनं तारामतीला सांगितलेलं मी ऐकलं आहे.

पहिल्या दिवशी रुद्राणीनं मला पाईपाला उलटा लावला. मी मुद्दाम घसरलो. तिची बोटं सोलली. तिनं रक्त पदराला पुसलं, मला हातात घेऊन खालवर न्याहाळलं आणि मन्मथला म्हणाली, "काका, ह्याचं तोंड एकाच अंगानं चावतंय की."

"हाव पोरी," मन्मथ हसला. "मला हे कळाया वरीस लागलं हुतं."

त्या दिवसापासून मी तिच्या हातात एकदाही घसरलो नाही. शिबिर संपलं, साहेबांच्या हस्ते प्रत्येकीला नारळ आणि चोळीचा खण मिळाला, फोटो निघाला, आणि आमची जोडी रुद्राणीच्या स्वाधीन झाली.

गावात आल्यावर पहिल्याच कामाला खोडा बसला. तारामतीनं खालचा पाना धरायचा असं ठरलं होतं, पण किशनरावांनी तिला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. "पाटलाची सून चारचौघांत पाय फाकून पंपावर उभी ऱ्हाती, बरं दिसतंय का?" म्हणाले. बसवंतनं दुकानाचं निमित्त सांगितलं. रुद्राणी आम्हा दोघांना मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिली.

तेव्हा तिची सासू कमलम्मा पुढं आली. साठीची बाई, गुडघे धरलेले, अंगानं चांगली भरभक्कम, जिभेला तिखट. "मी धरते," म्हणाली. "एकदा बूड टेकलं की कुणाच्या बापाला हलत न्हाई मी."

आणि खरंच, माझ्या जोडीदाराच्या दांड्यावर ती अशी काही बसायची की सगळी पाईपांची माळ निमूट राहायची. सून फिरवायची, सासू धरायची. बायका पदराआड हसल्या, पुरुषांनी टोमणे मारले, पण दीड तासात पंप सुरू झाला आणि गावानं पंधरवडा वाचलेला बघितला. हळूहळू रुद्राणीला "मेकॅनिकबाई" म्हणायला लागले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

ती नुसती दुरुस्ती करत नव्हती. एका वहीत ती रोज लिहायची की एक घागर भरायला दांडा किती वेळा मारावा लागतो. आतलं चामड्याचं वायसर नवं असलं की सव्वीस. ते झिजत जाईल तसा आकडा चढायचा. "चाळीसच्या वर गेला की समजायचं, आता दोन-चार दिवसांचा सोबती," असं ती सासूला सांगायची. पंप बंद पडायच्या आधी तो खोलणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली. मन्मथलासुद्धा ते कधी सुचलं नव्हतं.

वैशाखात आकडा एकेचाळीस झाला. रुद्राणी किशनरावांच्या दारात गेली. त्यांच्या धाकट्याचं लग्न चार दिवसांवर होतं.

"मामा, पंप उद्याच खोलावा लागतंय. वायसर गेलंय."

"चालू हाय की अजून. लग्नघरात पाण्याची वाण पडली तर मी पाव्हण्यांना काय तोंड दाखवू? लगीन उरकू दे, मग काय करायचं ते कर."

"तवर टिकायचं न्हाई, मामा."

"टिकंल. तू लई शिकलीस म्हणून पंप तुला विचारून बंद पडत न्हाई."

तिच्याकडं घाईचं आणखी एक कारण होतं. तिची तारीख जवळ आली होती. महिन्याचे ते चार दिवस तिला मागच्या पडवीत बाजूला बसावं लागायचं, आणि मला तर शिवायचंच नाही. मी पाईपाला लागणार, पाईप पाण्यात जाणार, ते पाणी गाव पिणार. पण हे कारण पाटलांच्या ओसरीवर कसं सांगणार? ती तशीच घरी आली. मला खुंटीला अडकवताना तिचा हात जड झालेला मला कळला.

लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पंपाचा दांडा हलका झाला. वर-खाली करा, करा, टिपूस नाही. रुद्राणीला बाजूला बसून तो दुसरा दिवस होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पंपापाशी घागरींची रांग आणि बायकांचा कालवा होता. रुद्राणी पडवीतून उठली, पुढच्या खोलीत आली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. जोडीदारालाही घेतलं. कमलम्मा चुलीपाशी होती. तिनं बघितलं आणि सुनेच्या मागं चालत निघाली. मला वाटलं, जमलं.

पंपापाशी किशनराव उभे होते. "पोरी, किती दिवस झाले?" त्यांनी हळूच विचारलं. गावात असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत.

"दुसरा," रुद्राणी म्हणाली. "दीड तासाचं काम हाय, मामा. लोकांनी काय प्यावं तवर?"

"ह्या पाण्याचा देवाला निवद जातो. तू घरी जा."

रुद्राणीनं गळ्यातलं लिंग पदराबाहेर काढून हातात धरलं. "आमच्यात विटाळ नसतो, मामा. हे बांधलेल्याला सूतक न्हाई, विटाळ न्हाई. माझ्या बापानं मला हेच शिकवलंय."

"तुमच्यात नसंल. गावात हाय," किशनराव म्हणाले. ओरडून नाही, शांतपणे. रांगेतल्या बायका आपापल्या घागरीत बघू लागल्या.

मग रुद्राणी खाली बसली, पंपाचं डोकं उतरवलं, पहिला पाईप वर ओढून, माळ खाली जाऊ नये म्हणून बोअरच्या तोंडावर आवळतात त्या लोखंडी पट्टीत अडकवला, मला वरच्या पाईपाला लावलं आणि मान वर न करता म्हणाली, "आत्या, खालचा धरा."

कमलम्माच्या गळ्यातही तेच लिंग होतं. तिनं माझ्या जोडीदाराला उचललं. तिनं रांगेकडं बघितलं. आयुष्यभर तिनंही चार-चार दिवस बाजूला बसून काढले होते, तिच्या आईनंही. आपल्या धर्मात हे नाही, हे ठाऊक असून. ती म्हणाली, "रुद्राणे, ऱ्हाऊ दे गं. गाव सोडून कुठं जायचंय आपल्याला?" आणि जोडीदाराला तिनं मातीत ठेवलं.

रांगेत तारामती उभी होती, कडेवर चार वर्षांची लेक. तिला खालचा पाना धरता येत होता. दहा दिवस तिनं तेच केलं होतं. रुद्राणीनं तिच्याकडं बघितलं. तारामतीनं लेकीच्या केसातली गवताची काडी काढली आणि नजर दुसरीकडं वळवली.

रुद्राणीनं एकटीनं फिरवून बघितलं. माळ नुसतीच फिरत राहिली. मी जबडा आवळून धरला होता, दात रुतवले होते, पण माझ्या जोराचा काही उपयोग नव्हता. तिनं पंपाचं डोकं पुन्हा बसवलं, लुगड्याला हात पुसले आणि जाऊन पडवीत बसली.

मन्मथला निरोप गेला. तो निलंग्याच्या पलीकडं कुठंतरी अडकला होता. गाव घरणीच्या कोरड्या पात्रात झिरे खणून गढूळ पाणी भरू लागलं. त्याच पात्रात लग्नाच्या पंगतींचं खरकटं आणि जनावरं. दुसऱ्या दिवशी दोन घरांत वांती-जुलाब सुरू झाले, त्याच्या पुढच्या दिवशी नऊ घरांत.

बाजूला बसल्याच्या पाचव्या दिवशी रुद्राणीनं न्हाऊन मला हातात घेतलं. कमलम्मा धरायला बसली. सव्वा तासात नवं वायसर पडलं आणि घागर सव्वीस दांड्यांत भरली. त्याच दुपारी लातूरच्या दवाखान्याच्या वाटेवर, जीपगाडीत, तारामतीची लेक आईच्या मांडीवरच दगावली.

मी लोखंडाचा आहे. मला रडता येत नाही. पण त्या दिवशी पाटलांच्या वाड्यातून जो आवाज आला तो मला इथं खालीसुद्धा ऐकू येतो.

आठवड्यानं पारावर बैठक बसली. किशनराव खचले होते, नातीवर जीव होता त्यांचा. माणूस असा खचला की त्याला दोष ठेवायला कुणीतरी लागतं. "पाण्याचं काम बाईमाणसाच्या हाती देऊन चूक झाली आपली," ते म्हणाले. "महिन्याला चार दिवस हिची सुट्टी. तहानेला सुट्टी असती का?"

ही सुट्टी तिला कुणी दिली, हे कुणीच विचारलं नाही. बसवंत तिथं होता, तोही नाही. काम पाटलांच्या पुतण्याकडं, भुजंगकडं द्यायचं ठरलं. त्याला इंजिनची जुजबी माहिती होती, हातपंप त्यानं कधी उघडला नव्हता.

त्याच संध्याकाळी तारामती रुद्राणीच्या मागच्या दारी आली. पायरीवर बसली. मग म्हणाली, "मला येत हुतं गं. मला धराया येत हुतं."

रुद्राणीनं तिला जवळ घेतलं. कमलम्मा आत चुलीपुढं बसली होती. तिनं ते ऐकलं आणि पदर तोंडात कोंबला.

सकाळी भुजंग मला न्यायला आला. रुद्राणीनं जोडीदारालाही पुढं केलं. "दोन्ही न्या. एकावर काम करू नका, पाईप सुटंल. आन् ही वही घ्या."

"बायकांना दोन लागतात," भुजंग हसला. त्यानं मला तेवढं उचललं. वही तिच्या हातातच राहिली.

महिना गेला. आकडा कुणी मोजत नव्हतं. मृगही कोरडा चालला होता तेव्हा पंप पुन्हा बंद पडला. भुजंगनं चार पोरं गोळा केली. पट्टी ढिली बसवली, मला खालच्या पाईपाला लावून दांड्याखाली दगड सरकवला, आणि वरचा पाईप दोरानं पिळायला लागला. रुद्राणी दुकानाच्या दारात उभी होती. तिनं ओरडून सांगितलं, "पट्टी आवळा! दगड न्हाई, माणूस बसवा तिथं! भुजंगभाऊ, खालचा धरा, खालचा!" तिचा आवाज फाटला होता. एक पोरगा तिची नक्कल करून हसला.

आटा सुटला. दगड निसटला. तेरा पाईपांचं वजन एकट्या माझ्या दातांवर आलं. मी धरलं, खरंच धरलं, पण ते माझं काम नव्हे, मी फिरवणारा. पाईप गेले. त्या झटक्यानं मी उडालो, बोअरच्या काठावर आपटलो आणि उभाच्या उभा त्यांच्या मागं खाली आलो. शेवटचं मी ऐकलं ते बायकांचं "अगं बाई!" आणि मग सगळं गप्प.

पाईप काढायला माणसं आली आणि हात हलवत गेली. गावाला टँकर लागला. बोअर तसाच उघडा राहिला, पुढं आटलाही. पोरं त्यात खडे टाकत, ते माझ्या अंगावर पडत. कमलम्मा त्याच पावसाळ्यात गेल्याचं वर कुणीतरी बोलताना ऐकलं. सून तिचं शेवटपर्यंत करत होती म्हणे, आणि म्हातारी एकच बडबडत होती: "दे, धरते मी. दे इकडं."

किती वर्षांनी कोण जाणे, एकदा वरून रुद्राणीचा आवाज आला. ओळखायला चुकलो नाही. सोबत एका लहान मुलीचा आवाज होता, बहुतेक तिच्या लेकीचा.

"आई, यात काय हाय?"

"माझा पाना हाय. जोडीतला एक. दुसरा आपल्या दुकानाच्या दाराला लावलाय न्हाई का, दार आपटू नये म्हणून? त्याचा जोडीदार हा."

"काढता येतंय का?"

"येतंय की. गळ सोडून काढता येतंय. पण एकीचं काम न्हाई. एकीनं ओढायचं, एकीनं धरायचं."

"मग मी धरते," ती मुलगी म्हणाली.

मी वाट बघत होतो. रुद्राणी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पावलं लांब गेली. थोड्याच दिवसांनी पंचायतीनं तोंडावर लोखंडी झाकण ठोकलं, कुणाचं लेकरू पडू नये म्हणून. तेही बरोबरच. तेव्हापासून खडेही येत नाहीत.

मला वर काढा असं मी म्हणणार नाही. मी गंजलोय, माझा जबडा आता हलत नाही. एवढंच मागतो: तुमच्या घरात, गावात एखादी मुलगी यंत्राला हात घालायला निघाली असेल, तर तिला नारळ देऊ नका, चोळीचा खण देऊ नका, तिचा फोटोही काढू नका. ती "खालचा धरा" म्हणेल, तेव्हा खाली बसा आणि धरा. पाचव्या दिवशी नव्हे. त्याच दिवशी.